पुण्याच्या तपकीर गल्लीतलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान: वेळ लावतात, पण माणूस जाणकार

आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, बल्बसारख्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ माळ्यावरून काढला, लावला की आवाज फाटायचा आणि दहा मिनिटांत मागचा ईएल ८४, म्हणजे स्पीकरला जोर देणारा व्हॉल्व्ह, आतून लालभडक, मी म्हटलं गेला हा. ऑनलाइन 'नवा' मागवला नऊशेला, तर तो मुकाच. शेवटी तपकीर गल्लीच्या आतल्या बोळात, जिन्याखालच्या दुकानात गेलो.

काकांनी नवा व्हॉल्व्ह नुसता उजेडात धरला, "ह्यात हवा शिरलीय, परत पाठवा." काचेवर आतून चंदेरी डाग असतो ना, मला वाटायचं जळाल्याची खूण, पण तो बेरियमचा, आत उरलेला वायू शोषायला मुद्दाम दिलेला, चीर गेली की पांढरा पडतो. माझा दुधासारखा पांढरा!

मग गिऱ्हाईक नव्हतं म्हणून एक मेलेला व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून पकडीने फोडून दाखवला. मधोमध पांढरा लेप दिलेली बारीक नळी म्हणजे कॅथोड, तापली की इलेक्ट्रॉन सोडणारी, तिच्या पोटात हीटर, भोवती केसासारख्या तारेची ग्रिडं, त्यांचा प्रवाह आवरणारी, बाहेरून तो झेलणारी प्लेट, आणि वरखाली अभ्रकाच्या चकत्यांनी सगळं जागच्या जागी धरलेलं. पहिला व्हॉल्व्ह १९०४ मध्ये फ्लेमिंगने केला त्यात नुसतं फिलामेंट नि प्लेट, ग्रिड डी फॉरेस्टने १९०६ ला घातलं, तेव्हा नळीबिळी नाही, तारच बल्बसारखी पेटायची आणि आत वायू राहायचा म्हणून दोन नग सारखे चालायचे नाहीत. हे सगळं काका चहा ओतता ओतता.

आणि बिघाड व्हॉल्व्हमध्ये नव्हताच! कपलिंग कंडेन्सर, म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हकडून आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा भाग, तो लीक, त्यातून ग्रिडवर प्लस व्होल्टेज यायचं म्हणून प्लेट लाल. कंडेन्सर चाळीस रुपयांचा. जुना ईएल ८४ बंगळूरच्या बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्स), नशिबाने तगला होता, तोच परत बसवला. दुसऱ्या कुणी तीन व्हॉल्व्ह गळ्यात मारले असते.

तक्रार आहेच. "आठवड्यात या" म्हणाले, सव्वा महिना लागला, फोन उचलत नाहीत, पावती मागितली तर "लक्षात आहे माझ्या", आणि परत विचारलं तर "घाई असेल तर ब्लूटूथ घ्या." मजुरी सातशे, रोखच.

आता स्विच दाबल्यावर अर्धा मिनिट शांत, मग स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा उजळतो आणि पुणे केंद्र लागतं, आई स्वयंपाकघरातून "लागला का रे" म्हणते.

जाताना व्हॉल्व्ह काढून कापसात वेगळे न्या, मी सेटमध्येच ठेवून रिक्षाने गेलो, लक्ष्मी रोडच्या खड्ड्यांत एकाची पिन वाकली. चारचाकी तर नेऊच नका.