बहात्तराव्या मिस वर्ल्डचा अंतिम सोहळा: अमळनेरच्या घरातून पाहिलेला

हैदराबादच्या हायटेक्स केंद्रात ३१ मे २०२५ रोजी झालेला मिस वर्ल्ड स्पर्धेचा अंतिम सोहळा सासूबाई, जाऊबाई आणि त्यांची दहावीची परीक्षा दिलेली मुलगी यांच्यासह मी अमळनेरच्या घरी पूर्ण पाहिला. १९९६ मध्ये बंगळूर आणि २०२४ मध्ये मुंबई यांच्यानंतर ही स्पर्धा भारतात भरण्याची ही तिसरी वेळ होती, आणि १०८ देशांच्या तरुणी त्यात उतरल्या होत्या.

सोहळ्याची आखणी आधी समजून घेतली नाही तर निकाल अन्यायाचा वाटतो, असे माझे मत झाले. स्पर्धकांची अमेरिका व कॅरिबियन, आफ्रिका, युरोप आणि आशिया व ओशनिया अशा चार गटांत विभागणी असते. प्रत्येक गटातून दहा, मग पाच, मग दोन आणि शेवटी एकच तरुणी पुढे जाते. भारताची स्पर्धक, राजस्थानातील कोटा येथील नंदिनी गुप्ता आधीच टॉप मॉडेल फेरीत आशिया गटातून जिंकून पहिल्या चाळिसांत आली होती आणि विसांतही पोहोचली. आठ जणींत मात्र आशियातून फिलिपाइन्स आणि थायलंड यांची नावे पुकारली गेली, तेव्हा पुतणीचा चेहरा उतरला. नंदिनीची गाठ सगळ्या जगाशी नव्हती, तर आपल्याच गटातील मोजक्या तयारीच्या मुलींशी होती, हे तिला समजावताना पुढच्या दोन घोषणा हुकल्या. निवेदकांनी ही रचना सुरुवातीला दोन वाक्यांत सावकाश सांगितली असती तर प्रेक्षकांचे फार भले झाले असते. निवेदन सचिन कुंभार आणि २०१६ ची मिस वर्ल्ड स्टेफनी डेल व्हाले यांचे होते व ते प्रसन्न वाटले. जॅकलिन फर्नांडिसचे नृत्य झाले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शेवटच्या चौघींत मार्टिनिक, इथिओपिया, पोलंड आणि थायलंड होते. थायलंडच्या ओपल सुचाता चुआंगस्री हिला मुकुट मिळाला. तिच्या देशाचा हा पहिलाच मिस वर्ल्ड किताब. इथिओपियाची हासेत देरेजे उपविजेती ठरली आणि तिच्या शांत वावराने आमच्या घरात तिला सर्वांत जास्त पसंती होती. ओपलची निवड मला तरीही योग्य वाटते, आणि त्याचे कारण तिचे काम आहे. सोळाव्या वर्षी तिच्या स्तनात गाठ आढळली होती. ती कर्करोगाची नव्हती, पण त्या अनुभवातून तिने स्तनांच्या आरोग्याविषयी जागृतीचे काम हाती घेतले. हे मी सासूबाईंना अहिराणीत सांगितले, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, "सोळा वरीसनी पोरले बी गाठ व्हस का?" आमच्याकडे बाईला अशी गाठ लागली तरी ती दुखत नाही म्हणून, किंवा बोलायची लाज वाटते म्हणून, महिनोन्महिने कोणाला सांगितली जात नाही, आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हाच त्यातला धोका आहे. त्या रात्री आम्ही चौघी या विषयावर जितके मोकळेपणाने बोललो, तितके पूर्वी कधी बोललो नव्हतो.

म्हणूनच एक तक्रार नोंदवते. 'सौंदर्यासोबत सामाजिक कार्य' ही या स्पर्धेची १९७२ पासूनची ओळख आहे, पण अंतिम रात्री पोशाख, नृत्य आणि घोषणा यांच्या तुलनेत त्या कामाच्या वाट्याला आलेला वेळ मला फार तोकडा वाटला. आम्ही पाहिले ते सारे निवेदन इंग्रजीत होते, आणि ज्या ॲपवर पाहिले ते ऐन प्रश्नोत्तरांच्या वेळी दोनदा अडकले, त्यामुळे ओपलच्या उत्तराचा शेवट आम्हांला दुसऱ्या दिवशी पाहावा लागला. किमान शेवटच्या चौघींच्या कामाची प्रत्येकी दोन मिनिटांची चित्रफीत भारतीय भाषांतील उपशीर्षकांसह दाखवावी, म्हणजे सासूबाईंचा प्रश्न थेट त्या मुलीच्या बोलण्यातूनच सुटेल.