पोराला कुस्तीसाठी मातीत घालायचं का मॅटवर?

महिन्याभरात तिघांनी हेच विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो.

कोल्हापुरात कुस्ती म्हणजे माती, ह्यात वादच नाही. शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे, गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ह्या तालमींची नावं पोरं चालायला लागायच्या आधी ऐकतात. तेल, ताक, लिंबू, हळद घालून मुरवलेली लाल माती आणि पहाटे तो आखाड्याचा हौदा फावड्यानं उकरायचा, अर्धा व्यायाम तिथंच होतो. कमरेला जी ताकद मातीत येते ती मॅटवर येत नाही, असं माझं तरी मत. आणि चितपट झाली की झाली, कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे ३० सेकंद विश्रांती, फ्रीस्टाईलला १० गुणांची आघाडी घेतली की खेळ खलास. टीव्हीला हेच पाहिजे, २०१५ ला प्रो रेसलिंग लीग आली ती पण मॅटचीच. मातीत तोडीस तोड जोड लागली की नुसती खडाखडीच, म्हणजे हातानं एकमेकाला चाचपणंच, चालते, जाहिराती कुठं घालणार? आता यात्रेच्या मैदानातबी वेळ लावून गुणांवर कुस्ती सोडवायला लागलेत, मला ते अजिबात पटत नाही, धड माती नाही धड मॅट नाही.

माझा भाचा चार वर्षं मातीत घुमला आणि पहिल्यांदा मॅटवर गेला तर हात आपोआप समोरच्याच्या लंगोटाच्या लांगेकडं, मातीत ते चालतं, मॅटवर कपडा धरला की पंचाची शिट्टी. वर रेषेबाहेर पाय गेला की समोरच्याला १ गुण, मातीत परत मधे आणून लावतात. तीनदा असाच बाहेर गेला, हरला, आणि खाली उतरून मला म्हणतो, मामा, पण मी पडलो कुठं?

पण ठरवताना आधी पोराचं वजन बघा, हे कुणी सांगत नाही. मैदानात लाखाचं इनाम शेवटच्या जोडीला, आणि ती बहुतेक जाड पैलवानांचीच. ५७ किलोच्या पोराला तिथं किती मिळणार? मॅटवर त्याच वजनाचा ऑलिम्पिकला गट आहे. खाशाबा जाधव हलक्या वजनाचेच, १९४८ ला लंडनला सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. रेल्वे, आर्मी, पोलीस भरतीला पण जास्त करून मॅटवरचीच सर्टिफिकेटं कामाला येतात.

खुराकाचा खर्च दोन्हीकडं तोच, मॅटला बूट तेवढे जास्त. पोरगी असेल तर सरळ मॅट.

मी तरी दहा-बाराव्या वर्षी मातीत घालीन आणि चौदाच्या आत आठवड्यातनं तीन दिवस मॅट. वस्तादांना विचारलं तर मॅट आहे असंच म्हणतील, म्हणून पहाटे न सांगता जावा आणि बघा, मॅट अंथरलाय का भिंतीला उभा करून त्यावर लंगोट वाळत घातलेत.