लाँगइयरब्येनचे गाईड: फेब्रुवारीत पाऊस लागला, ऑगस्टमध्ये बोट अर्ध्यातून फिरली, तरी पाच स्टार

आम्ही स्टाव्हँगरला राहतो, मूळ माण तालुक्यातले. लाँगइयरब्येनच्या ह्या गाईड लोकांबरोबर स्वालबार्डला (नॉर्वेची उत्तर ध्रुवाकडची बेटं, लाँगइयरब्येन हे तिथलं मुख्य गाव) दोनदा फिरलो, एकदा फेब्रुवारीच्या शेवटी मी आणि नवरा, आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन. दोन्ही वेळा जे बुक केलेलं ते ठरल्यासारखं झालंच नाही आणि तरी पाच स्टार देतेय, कारण तिकडे हवामानच सगळं ठरवतं आणि हवामान बिघडल्यावर तुमच्याशी कोण कसं वागतं ह्यातच सर्व्हिस कळते.

आधी फेब्रुवारीचं सांगते. आमच्या डोक्यात स्वालबार्ड म्हणजे उणे वीस, पांढरं शुभ्र, दिवसभर स्नोस्कूटर. उतरलो तर पाऊस! अक्षरशः आपल्याकडे जूनमध्ये लागते तशी रिपरिप, तापमान अधिक तीन, आणि रस्त्यावर पावसाचं पाणी गोठून अशी काच झालेली की विमानतळाच्या बसमधून उतरून हॉटेलच्या दारापर्यंतच्या वीस पावलांत नवरा दोनदा आपटला. दक्षिणेकडून उबदार दमट वारं आलं की असं होतं म्हणे, आणि हे आता हिवाळ्यात वरचेवर व्हायला लागलंय.

कुत्र्यांच्या स्लेजचं आम्ही वेगळ्याच एका वेबसाइटवरून बुक केलेलं. ते लोक आलेच नाहीत, मेसेज नाही फोन नाही, पावसात चाळीस मिनिटं बाहेर उभे राहिलो, आणि पैसे परत मिळायला पुढे दोन महिने लागले. उलट ह्यांचा स्कूटरचा गाईड आदल्या रात्रीच हॉटेलवर येऊन बसला, मोबाइलवर यर उघडून (नॉर्वेत हवामानासाठी सगळे हेच ॲप बघतात) तासातासाचा वारा आणि तापमान दाखवलं, आणि सरळ म्हणाला की ॲडव्हेंटडालेनमध्ये (गावाजवळची दरी) बर्फाखाली पाणी वाहतंय, मी तुम्हाला उद्या नेणार नाही, परवा गोठलं तर जाऊ आणि नाही गोठलं तर सगळे पैसे परत. माणशी साडेतीन हजार क्रोनर होते, म्हणजे काही कमी नाहीत, आणि ते त्याने स्वतःहून सोडायची तयारी दाखवली.

दुसऱ्या दिवशी रिकामं बसवण्यापेक्षा बुटाला खिळ्यांच्या पट्ट्या लावून गावातच चालत फिरवलं, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. त्या चालण्यात जे बघितलं ते माझ्या अजून डोळ्यांपुढून जात नाही. एक रेनडिअर, बुटकं, आपल्या वासराएवढं, पुढच्या खुराने बर्फ उकरत होतं. भुसभुशीत बर्फ ते सहज उकरतं आणि खालचं गवत-शेवाळ खातं, पण पावसाने वर बोटभर जाड कडक थर बसलेला. खूर नुसता टणटण वाजत होता. ते दोन पावलं पुढे जायचं, परत टणटण, परत पुढे. गाईड म्हणाला अशा पावसाच्या हिवाळ्यात ती उपाशी मरतात, म्हातारी आणि त्या वर्षीची पिल्लं आधी. दुष्काळात छावणीच्या दावणीला बांधलेली जनावरं मी लहानपणी बघितलीत, मला तिथून हलवेना.

त्यानेच सांगितलं ते थोडं लिहिते, कारण कुठल्या ऋतूत जायचं हे ह्यावरून ठरतं. लाँगइयरब्येन 78 अंश उत्तरेला, इतक्या वर असून तुलनेने ऊबदार, कारण अटलांटिकचं गरम पाणी बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला घासून वर जातं. आता ते पाणी फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेल्या समुद्राच्या फाट्याच्या, आत शिरतं, त्यामुळे इसफ्योर्ड पूर्वी हिवाळ्यात गोठायचा तसा 2006 पासून धड गोठत नाही, जुन्या लोकांनी जिथून स्कूटर नेल्या तिथे आता उघडं पाणी. विमानतळावर तापमानाची वर्षाची सरासरी 1961 ते 1990 मध्ये उणे 6.7 होती ती 1991 ते 2020 मध्ये उणे 3.9 वर आली. 25 जुलै 2020 ला तर 21.7 अंश! आणि एवढा बर्फ दिसतो म्हणून फसू नका, वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून दोनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या माणपेक्षाही कमी. घरं खांबांवर उभी कारण खालची जमीन कायम गोठलेली आणि आता वरचा थर उन्हाळ्यात जास्त खोल सुटतो. 19 डिसेंबर 2015 ला सुकरटोपेन डोंगरावरून हिमकडा घरांवर आला आणि दोघं गेले, तो उतार त्याने लांबून दाखवला आणि तिथे आवाज एकदम खाली आणला.

तिसऱ्या दिवशी गोठलं, उणे चौदा, आणि निघालो. सूट, बूट, हातमोजे, हेल्मेट सगळं तेच देतात आणि मापाचं देतात, माझ्या पायाला तीन जोड घालून बघितले तेव्हा त्याचं समाधान झालं. हँडल आतून गरम असतं पण अंगठा तरी बधिर होतो, थांबल्यावर तो प्रत्येकाचे गाल बघायचा पांढरे पडलेत का. मधल्या थांब्याला काळ्या बेरीचं गरम सरबत, त्याची चव अजून जिभेवर आहे. सूर्य डोंगरामागेच, नुसता गुलाबी-निळा उजेड. गावात ऊन पोचतं ते 8 मार्चला, जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर सगळं गाव जमतं आणि आठवडाभर उत्सव. तुम्हाला बर्फही हवा आणि उजेडही हवा तर मार्चचा मध्य ते एप्रिल धरा, फेब्रुवारीचा जुगार नको.

आता ऑगस्ट. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, शेतकरी, वारकरी. त्यांना पहिली अडचण ही आली की संध्याकाळच होईना. एप्रिलच्या वीस तारखेपासून ऑगस्टच्या बावीस-तेवीसपर्यंत तिथे सूर्य मावळत नाही. घरी दिवेलागणीला हरिपाठ, इथे रात्री अकराला पडदा सारला तर अंगणात ऊन. पहिल्या दिवशी अस्वस्थ होते, मग म्हणाले पांडुरंगाला घड्याळ चालतं, आणि रोज सातला पलंगावर मांडी घालून म्हणायला लागले.

बोट नॉर्डनशेल्ड हिमनदीपर्यंत आणि पलीकडे पिरॅमिडेन, 1998 ला बंद पडलेलं सोव्हिएत खाणगाव, असं ठरलेलं. तापमान सहा पण बोटीवर वाऱ्यात ते सहा लागत नाही, लोकरी टोपी आणि आतला गरम थर न्याच. बिलेफ्योर्डच्या तोंडाशी धुकं इतकं उतरलं की पुढचं टोक दिसेना आणि वाऱ्याने बर्फाचे तुकडे आमच्याकडे यायला लागले. गाईड मुलीने कॅप्टनशी दोन मिनिटं बोलून बोट फिरवली. एक-दोन जण कुरकुरले, तिने बर्फाचा तुकडा पाण्याखाली केवढा असतो ते सांगितलं आणि विषय संपवला. मग आडोशाच्या बाजूने बोरेबुक्ताला नेलं, तिथे किनाऱ्यावर वॉलरस (सुळे असलेले मोठे समुद्री प्राणी) एकमेकांवर रेलून पडलेले, बाबा म्हणाले म्हशी डबक्यात बसल्यात. अंतर सोडूनच थांबलो. अस्वलाचा नियम तर कडकच आहे, 2025 पासून तीनशे मीटर आणि 1 मार्च ते 30 जून पाचशे, "जवळून अस्वल दाखवतो" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. दोन दिवसांनी न मागता निम्मे पैसे खात्यात परत.

आणि त्या मुलीचे एका गोष्टीसाठी वेगळे आभार. बाबा शेतकरी आहेत कळल्यावर ती आपल्या सुट्टीच्या वेळात आम्हाला बियाण्यांच्या तिजोरीपाशी, जगभरच्या पिकांचं बी जिथे जपून ठेवतात तिथे, घेऊन गेली. आत सोडत नाहीत, डोंगरातून बाहेर आलेलं काँक्रीटचं दार तेवढं दिसतं. 2008 ला उघडली, आत उणे अठरा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा तिथे ठेवलाय हे मी सांगितलं तर बाबांनी टोपी काढली. "आपली जुंधळं हितं हायती?" एवढंच बोलले आणि बराच वेळ उभे राहिले. 2016 ला वितळलेलं पाणी आणि पाऊस तिजोरीकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडात शिरलेला, बी सगळं सुखरूप राहिलं, पण बाबांना ते काही पटेना, कणगीत पाणी म्हणजे काय हे त्यांना माहिती. परत येताना गाडीत दोनदा विचारलं, आता नीट बुजवलंय ना. तिने सांगितलं बोगदा नव्याने बांधून पाणी अडवलंय, तेव्हा कुठे शांत झाले.

कमी काय? बोटीवर शाकाहारी म्हणजे टोमॅटोचं सूप आणि ब्रेड, आधी कळवलेलं तरी तेवढंच, म्हणून थेपले-चटणी जवळ ठेवा. बोटीत उतरायची शिडी गुडघे दुखणाऱ्यांना जड जाते, बाबांना दोघांनी धरलं. सूचना भरभर इंग्रजीत देतात, हळू सांगा म्हटलं की सांगतात.

व्हिसाचं नीट बघा. स्वालबार्ड शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच व्हिसा चालतो तो भाग) बाहेर आहे, परत नॉर्वेत येताना नव्याने प्रवेश धरतात, त्यामुळे आईवडिलांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा आणि पासपोर्ट हातात. विमान वाऱ्यामुळे दुसऱ्या दिवसावर जाऊ शकतं, आमचं गेलं, तर पुढचं भारताचं तिकीट लगेच लावू नका. गोव्याहून ज्या संस्थेतून आपले शास्त्रज्ञ जातात त्यांचं हिमाद्री स्टेशन नी-ओलेसुंदला आहे, ते ह्या ट्रिपमध्ये येत नाही, मोठी जहाजं जातात तिकडे. हॉटेलात, म्युझियममध्ये दारातच बूट काढायचे, कोळशाच्या खाणींच्या काळापासूनची पद्धत, त्यामुळे फाटके मोजे नेऊ नका. बाबांना मात्र ह्या गावातलं हेच सगळ्यात आवडलं.