चलान कोर्टात भरलं म्हणे!

गाडी माझ्या नावावर, पण चालवतो पुतण्या. नागपूरला शिकायला होता, तेव्हा सिग्नलवरच्या कॅमेऱ्यानं त्याला पाचदा टिपला. चारदा हेल्मेट नाही, म्हणजे ५०० चे चार. एकदा ट्रिपल सीट, ते १,००० चं. एकूण ३,००० रुपये. पठ्ठ्यानं घरी चकार शब्द काढला नाही. मला कळलं ते थेट लोकअदालतीचा मेसेज मोबाईलवर आला तेव्हा.

आमच्याकडे कोर्ट म्हटलं की भल्याभल्याची पाचावर धारण बसते. माझीही बसली. तूर काढायची सोडून शनिवारी तालुक्याला गेलो. गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो, तर एक जण आपणहून जवळ आला. काखेत फाईल, खिशाला दोन पेन.

"चलान आहे काय भाऊ? काऊन टेन्शन घेता? अंदर गेलं तर वकील लागते, अख्खा दिवस जाते. अर्ध्यात करून देतो."

१,५०० आणि वरून 'कागदाचे' २०० घेतले, तेही रोख. अर्ध्या तासानं पावती आणून दिली. गाडी नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खाली जांभळा गोल शिक्का. मी त्याला वरून चहाही पाजला, बाप्पा!

चार महिन्यांनी पेरणीसाठी गाडी विकायला काढली. घेणारा पोरगा हुशार. मोबाईलवर वाहतूक पोलिसांची साइट उघडली, गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले, अन् स्क्रीन माझ्यापुढं धरली. पाचही चलानं थकीत. सौदा तिथंच मोडला.

घरी येऊन चष्मा लावून पावती वाचली. चलान नंबर एकही नाही. गोल शिक्क्यात लिहिलं होतं 'सत्यप्रत'. झेरॉक्सवर मारतात तो!

मग सगळी चौकशी केली, जी आधीच करायला हवी होती. लोकअदालतीत वकील लागत नाही, फी लागत नाही. आपण स्वतः पॅनलसमोर जायचं. काही अडलं तर विधी सेवेचा, म्हणजे सरकारी कायदेशीर मदतीचा, १५१०० हा फुकटचा नंबर आहे. आणि पैसे भरले की चलान साइटवर भरलेलं दिसतं. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणाची पावती खिशात घालू नका. माझी पाचही चलानं मी शेवटी मोबाईलवरूनच भरली, पूर्ण ३,०००. पुतण्या शेजारी मान खाली घालून बसला होता.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "नाव काय त्याचं?" नाव मला कुठं माहीत! टपरीवाल्याला विचारलं. तो कप विसळत म्हणाला, "तो होय? तो आता इकडे येत नाही भाऊ. दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टासमोर बसते म्हणतात."