वडिलांच्या पिस्तुलाची सेफ्टी आणि ठाण्याच्या दुकानातले मिस्त्री काका

वाशीच्या एपीएमसीत आमचा कांदा-बटाट्याचा गाळा आहे, रोकड घेऊन जायचं यायचं असतं, म्हणून वडिलांनी फार पूर्वी पिस्तुलाचं लायसन्स काढलेलं आणि ते गेल्यावर वारस म्हणून बेलापूरच्या आयुक्तालयात रीतसर अर्ज करून लायसन्स आणि पिस्तूल दोन्ही माझ्या नावावर झालं. पिस्तूल म्हणजे जुनं वॉल्थर पीपी, ३२ बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप), स्लाईडवर, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागावर, अजून उल्म हे जर्मनीतल्या गावाचं नाव नीट वाचता येतं. ८० च्या दशकात बाहेरची हत्यारं आणणं बंद झालं तेव्हापासून देशात जी आहेत तीच या हातातून त्या हातात फिरतात, त्यामुळे किंमत विचारू नका, आणि मला विकायचंही नाहीये, वडिलांच्या हातातली वस्तू आहे.

आता अडचण अशी की मी डावखुरा. या पिस्तुलाची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका, स्लाईडच्या मागच्या टोकाला, डाव्या बाजूला, आणि फक्त डाव्याच बाजूला. लीव्हर खाली म्हणजे सेफ, वर म्हणजे फायर. उजव्या हातात धरणाऱ्याचा अंगठा बरोबर तिथे पोचतो, माझा अंगठा पोचतो तो पलीकडच्या सपाट लोखंडावर. त्यात २०२४ मध्ये आधी लोकसभा मग विधानसभा, दोन्ही वेळा आचारसंहिता लागली की पिस्तूल पोलीस स्टेशनला जमा, मधे आपला कोकणपट्टीचा पावसाळा, आणि डिसेंबरात हातात आलं तेव्हा लीव्हर इतका घट्ट की दोन्ही अंगठे लावले तरी हलेना. हे मला खूप लागलं. सेफ्टी हलत नसलेलं हत्यार कमरेला लावून फिरायचं, म्हणजे ना ते कामाचं ना सुरक्षित.

मग मी व्हिडिओ बघत बसलो. अमेरिकेत लोक घरच्या टेबलावर सेफ्टीचा लीव्हर बदलतात, लांब लावतात, दोन्ही बाजूंनी लावतात, सिग पी ३६५ सारखं छोटं पिस्तूल तर तिकडे सेफ्टीवालं आणि बिनसेफ्टीचं असं दोन्ही मिळतं. ते सगळं ९ एमएमचं जग, आपल्याकडे साध्या लायसन्सवर ९ एमएम मिळतच नाही, तो प्रतिबंधित बोअर. पण डोक्यात बसलं की लीव्हर लांब करून घ्यायचा. ओळखीतल्या एकाने वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याचं नाव सुचवलं, तो फोनवरच म्हणाला, पत्ती वेल्ड करून लांब करतो, आतला भाग जरा घासतो, लोण्यासारखा फिरेल, पाचशे द्या. मी फोन ठेवला आणि नशीब की ठेवला. आर्म्स ॲक्टप्रमाणे हत्यार दुरुस्त करायलासुद्धा लायसन्स लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनलायसन्स दुरुस्ती किंवा फेरफार केला तर शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. पाचशे रुपयांच्या कामासाठी तो माणूस स्वतःला कुठे घालून घेत होता हे त्याला तरी माहीत होतं का कोण जाणे.

तर मग ठाण्यातलं हे दुकान. ठाणे पश्चिमेला स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, लायसन्सवालं जुनं दुकान, लायसन्सधारकांना सांगायला नको आणि बाकीच्यांना नाव कळून उपयोग नाही म्हणून लिहीत नाही. आत गेलो तर काउंटरवर साठी उलटलेले मिस्त्री काका. मी पिशवीतून पिस्तूल काढायच्या आधीच म्हणाले, "नळीचं तोंड भिंतीकडे ठेवा शेठ, आणि मॅगझीन वेगळं द्या." मॅगझीन (गोळ्यांची पेटी) बाजूला, स्लाईड मागे, चेंबरमध्ये, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेत, डोळ्यांनी बघितलं, मग करंगळी घालून बघितलं, मग मला सांगितलं आता तुम्ही बघा. त्यानंतर लायसन्स मागितलं, त्यावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर भिंगातून जुळवला, रजिस्टरला नोंद केली, आणि तेव्हा कुठे विचारलं काय झालंय. ही पद्धत बघूनच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मी म्हटलं लीव्हर लांब करून द्या. ते म्हणाले, "नाही करणार." एवढंच. मला जरा राग आला, एवढ्या लांबून आलो होतो. मग त्यांनी स्लाईड काढली, टेबललॅम्पखाली धरली आणि म्हणाले, "हे नुसतं बटण नाही शेठ. लीव्हर खाली ओढला की चढलेला घोडा, म्हणजे हा मागचा हातोडा, आपोआप पडतो, आत गोळी असली तरी पडतो. त्या वेळी घोडा आणि गोळीवर आदळणाऱ्या फायरिंग पिनच्या मधे काय उभं असतं? हे एवढंसं गोल लोखंड. हे घासलं तर कधीतरी घोडा पिनवर बसेल, आणि तो दिवस तुम्हाला आधी सांगून येणार नाही." आणि लांब लीव्हर म्हणे होल्स्टरच्या कडेला अडकून गाडीत बसता-उठता आपोआप वर सरकणार, तुम्हाला वाटतंय सेफ आहे आणि ते नसणार. यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग घट्ट का झालाय ते त्यांनी शोधलं. लीव्हर बाहेर काढला तर त्याच्या दांड्यावर पिवळट चिकट थर, नखाने खरवडला तर मेणासारखा निघाला. वास घेतला आणि मला एकदम वडील आठवले. खोबरेल! वडील दर दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या आदल्या दिवशी पिस्तुलाला प्रेमाने खोबरेल तेल लावायचे, तीसेक वर्षं. ते तेल आत जाऊन सुकून चिकटलेलं, त्यात धूळ, वर दमट हवा. काकांनी वडिलांबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही, म्हणाले, "त्यांनी बाहेरून गंज येऊ दिला नाही, आता आतलं आपण बघू." हत्यारासाठी हत्याराचंच तेल, आणि थोडंच, हे मात्र दोनदा बजावलं.

ठेवून घेतलं, शिक्क्यासह पावती दिली. तीन दिवस सांगितले, लागले नऊ. मधे फोन केला तर उचलत नाहीत, हे मला आवडलं नाही, आपलं हत्यार दुसऱ्याकडे आहे म्हटल्यावर झोप लागत नाही, निदान एक मेसेज करायला हवा होता. तेवढा एक गुण कापतो.

पण घ्यायला गेलो तेव्हा जे दाखवलं ते मी विसरणार नाही. रिकामं पिस्तूल, मला परत चेंबर बघायला लावलं, मग नळी वर करून त्यात साधी पेन्सिल सोडली, रबराची बाजू आत. घोडा चढवला, लीव्हर खाली ओढला, खट्ट करून घोडा पडला आणि पेन्सिल जागची हलली नाही. मग लीव्हर वर, चाप ओढला, पेन्सिल टुणकन उडाली. म्हणजे सेफ्टी लावली की पिनला धक्का लागत नाही आणि काढली की लागतो, डोळ्यांना दिसतंय. हे त्यांनी माझ्यासमोर दहा वेळा केलं. लीव्हर आता मऊ फिरतो पण ढिला नाही, दोन्ही टोकांना टक् असा स्पष्ट आवाज येतो, अंधारातही बोटाला कळतं कुठे आहे ते.

डावखुरेपणाचं काय? त्यावर काकांनी डमी राऊंड (सरावाच्या, न उडणाऱ्या गोळ्या) दिले आणि शिकवलं, डाव्या हातात पकड, उजवा हात आधाराला येतोच, त्या उजव्या अंगठ्याने लीव्हर वर ढकलायचा, आणि तोपर्यंत डाव्या हाताचं बोट ट्रिगरच्या बाहेर फ्रेमवर सरळ. पहिले दोन आठवडे फार अवघड वाटलं, आता रोज रात्री दार लावून, खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत कपाटात ठेवून दहा मिनिटं करतो, हाताला सवय लागलीये. चेंबर मी रिकामाच ठेवतो, तो माझा निर्णय.

खर्च सगळा मिळून १८०० रुपये, डमी राऊंड धरून. स्लाईडवरचे गंजाचे दोन ठिपके तसेच आहेत, ते घालवायला पॉलिश केलं तर कोरलेली अक्षरं पुसट होतील म्हणून त्यांनी स्वतःच नको म्हटलं. मॅगझीनची स्प्रिंग थकलीये, आठवी गोळी भरताना कळतं, ती शोधायला सांगून आलोय.

जाणार असाल तर लायसन्सची मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर ते हात लावत नाहीत. नवी मुंबईतून जाणाऱ्यांनी लायसन्सची हद्द आधी तपासा, ठाणे आयुक्तालय वेगळं आहे, माझं अख्ख्या महाराष्ट्राचं आहे म्हणून प्रश्न आला नाही. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळतच नाही, आणि पिस्तूल गाडीत ठेवून पार्किंग शोधत फिरणं तर अजिबात नको. सकाळी अकराला गेलात तर काका निवांत असतात.