९५ कॅलरींचं थालीपीठ आणि ९९ रुपयांचं पुस्तक

‘२०० मराठमोळ्या हेल्दी रेसिपी, १५ दिवसांत १० किलो कमी, फक्त ९९ रुपये, ऑफर आजच संपतेय.’ अशी जाहिरात दिसते. ऑफर उद्याही असते. पैसे भरले की व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. पुस्तक हातात पडलेलं असल्यामुळे आपण फसलोय हे लवकर लक्षातच येत नाही.

आधी त्या १० किलोंचा हिशेब मांडा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १५ दिवसांत १० किलो चरबी उतरवायची तर रोज ५,१०० कॅलरींची तूट हवी. बहुतेकांचं दिवसभराचं खाणंच २,००० च्या आसपास असतं, तेव्हा कडकडीत उपास करूनही हे जमणार नाही. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो खरा, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. पुस्तक विकणारे त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काट्याचा फोटो मागतात तो नेमका त्याच आठवड्यात.

आता थालीपीठ बघा. पुस्तकात लिहिलेलं असतं: भाजणी, कांदा, कोथिंबीर, ‘तेल आवश्यकतेनुसार’, कॅलरी ९५. एका थालीपिठाला ६० ग्रॅम भाजणी धरली तरी नुसत्या पिठाच्याच २०० कॅलरी होतात. कडेने आणि भोकांत सोडलेलं दोन चहाचे चमचे तेल, म्हणजे १० मिली, आणखी ८० ची भर घालतं. एकूण २८०, आणि लोणी अजून आलेलंच नाही. ९५ हा आकडा तेल वगळून, ग्रॅम न सांगता किंवा एकाचे तीन भाग करून काढलेला असतो. भातातही हीच लबाडी: १०० ग्रॅम शिजलेल्या भाताच्या १३० कॅलरी असतात, तांदूळ कच्चा असेल तर ३५० च्या घरात. पुस्तकात नुसतं ‘भात १०० ग्रॅम’. ‘शुगर-फ्री’ लाडवांत गूळ आणि खजूर असतात. साखरेच्या आणि गुळाच्या कॅलरींत नाव घ्यावं इतका फरक नाही.

हे सगळं फार तर पैशांचं नुकसान. दुधीच्या कच्च्या रसाचं मात्र तसं नाही. दुधी कडू निघाला तर त्यातल्या विषारी घटकांमुळे उलट्या आणि रक्तस्रावापर्यंत वेळ येते, माणसं दगावलीही आहेत. ‘आधी फोड चाखा, कडू लागली तर फेकून द्या’ ही एक ओळ ज्या पुस्तकात नाही, ते विकतच घेऊ नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना ‘रात्री फक्त सूप’ केलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

विकणाऱ्यांची खरी कमाई पुढे असते. वजन अडलं की ‘तुमचं मेटाबॉलिझम स्लो आहे’ म्हणत दोन-अडीच हजारांची पावडर गळ्यात मारतात. डब्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना तेवढा दाखवतात. त्या परवान्याचा वजन उतरण्याशी काही संबंध नाही.

पैसे भरण्याआधी तीन पानं नमुना मागा. तेल चमच्यांत, धान्य ग्रॅममध्ये, कच्चं की शिजलेलं, किती जणांसाठी, हे बघा. कॅलरी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांवरून काढल्यात का, हेही विचारा. नमुना द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला.

‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा मेसेज आला तर थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. रक्कम गेलीच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. खोट्या जाहिरातीची तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर होते. चॅट डिलीट करू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा.