रत्नागिरी की पणजी? दोघांनी भाड्याच्या सायकलवर समुद्रकाठचं शहर बघायचं तर

कोल्हापुरातून निघून चढउताराचं आणि समुद्रकाठचं शहर बघायचं म्हटलं की दोन नावं पुढे येतात. आंबा घाट उतरून रत्नागिरी, साधारण १३० किलोमीटर. आंबोलीकडून किंवा चोर्ल्याकडून पणजी, दोनशेच्या वर. लॉजवर सामान टाकायचं, चारचाकीची किल्ली खिशात ठेवायची आणि दोन दिवस भाड्याच्या सायकलवरच फिरायचं, असा बेत दोन मित्रांनी केला असेल तर कुठलं शहर आणि कुठली सायकल, हे ठरवण्यासाठी हे लिहितोय. मालवण आणि वेंगुर्ला मुद्दाम धरलेली नाहीत. दोन्ही देखणी आहेत, पण आटोपशीर. ती पायी जास्त चांगली कळतात.

माझं मत आधीच सांगतो. दोघांपैकी एकाची जरी सायकल सुटलेली असेल तर पणजी. दोघंही पाय न टेकता पन्हाळ्याच्या वाटेवरचं वाघबीळ चढत असाल तर रत्नागिरी, आणि मग दुसरा विचारही करू नका.

चढाचा स्वभाव दोन्हीकडे वेगळा आहे. पणजीत एक टेकडी, आल्तिनो, आणि तिच्या भोवती पसरलेलं सपाट शहर. टेकडी टाळायची ठरवली तर टाळता येते. मांडवी नदीच्या काठाने कांपाल, मिरामार आणि पुढे दोना पावला, हे अंतर सात किलोमीटरच्या आसपास. शेवटचा थोडा चढ सोडला तर रंकाळ्याला फेरी मारणाराही ते आरामात करेल. उलट दिशेला रायबंदरचा सेतू. पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात बांधलेला हा दगडी बांध सुमारे तीन किलोमीटर सरळ जातो, एका अंगाला मांडवी आणि दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खारफुटी. सकाळी सातच्या आत गेलात तर बगळे आणि तुम्ही. तसंच पुढे जुन्या गोव्यापर्यंत गेलं तरी पणजीपासून दहा किलोमीटरच होतात आणि श्वास चढत नाही.

रत्नागिरीत चढ टाळता येत नाही. शहराचा एक भाग जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, आणि दुसरा खाली समुद्राला चिकटलेला. मारुती मंदिराकडून एसटी स्टँड, गोखले नाका, राम आळी असं खाली उतरत इथल्या मांडवी किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर जायला पेडल मारावंच लागत नाही, आणि तिथेच नवख्याची फसगत होते. उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. तिथून मिरकरवाड्याच्या मच्छीबंदरावरून पेठकिल्ल्यात आलं की रत्नदुर्गाचा चढ सुरू. तीन बाजूंनी समुद्र असलेला किल्ला, वर भगवतीचं देऊळ, पलीकडच्या टेकाडावर दीपगृह. गाडीरस्ता वरपर्यंत जातो, त्यामुळे सायकल खाली ठेवायची गरज नाही, पण वळणं तीव्र आहेत. दुसऱ्या टोकाला भाट्याच्या खाडीवरचा पूल. पुलावरून मान वळवली की वर थिबा पॉइंट दिसतो, आणि तो हाकेच्या अंतरावर वाटतो. तिकडे जाणारा रस्ता काय आहे ते पाय सांगतात.

उंचीचा आकडा बघाल तर यात घाबरण्यासारखं काही नाही. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. रत्नागिरीचा सडा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण पन्हाळ्याचा चढ एकदा चढला की झाला. रत्नागिरीत दिवसभर चढ, उतार, परत चढ, आणि प्रत्येक वेळी सुरुवात थंड पायांनी. माझ्या जोडीदाराचा दम माझ्याहून चांगला आहे. तो पन्हाळ्याला माझी वाट बघत बसतो. रत्नागिरीत दुपारी तोही थिबा राजवाड्याच्या आवारात सायकल भिंतीला टेकवून मुकाट खाली बसला होता. कारण चढ एवढंच नव्हे, हवा. आपण कोल्हापूरकर ५५०-६०० मीटर उंचीवर कोरड्या हवेत सायकल चालवतो, घाम येतो आणि वाळतो. किनाऱ्यावर घाम वाळत नाही, नुसता गळतो. शरीर थंड होत नाही आणि मीठ मात्र निघून जातं. पाण्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ-साखर, वाटेत शहाळं, कोकम सरबत, हे तिथे चैनीचं राहत नाही. हे पणजीलाही लागू आहे, फक्त तिथे सपाटी असल्याने सहन होतं.

वाऱ्याचाही हिशेब करा. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे थेट पायांना लागतात. हिवाळ्यात पहाटेपासून वारा जमिनीकडून समुद्राकडे, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे. दोन्ही शहरांना समुद्र पश्चिमेला आहे. म्हणून सकाळी समुद्राच्या दिशेने जायचं आणि दुपारनंतर परत फिरायचं. दोन्ही वेळा वारा पाठीशी राहतो. पणजीत हे विशेष जाणवतं, कारण नदीकाठचा रस्ता उघडा आहे. संध्याकाळी चार वाजता मिरामारकडे निघालात तर सपाट रस्ताही चढासारखा लागेल.

आता सायकल. शहर कुठलंही निवडा, खरा निकाल सायकलवर लागतो. आणि भाड्याची सायकल म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या कोल्हापूरकराला तासावर मिळायची ती उंच सीटची काळी सायकलच अजून डोळ्यासमोर येते. आपल्यातले कितीतरी जण तिच्यावरच शिकले. ती किंवा तिच्यासारखी कुठलीही बिनगिअरची सायकल पणजीच्या नदीकाठाला चालेल. रत्नागिरीला अजिबात नको, आणि त्याचं कारण साध्या गणितात आहे.

चढावर ताशी सहा किलोमीटरने जाताय असं धरा, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. २६ इंची चाकाचा घेर साधारण दोन मीटर, तर चाक मिनिटाला पन्नासेक फेरे घेणार. पुढच्या चेनव्हीलला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८, अशा बिनगिअरच्या सायकलवर तेवढ्या वेळात पेडलचे जेमतेम २० फेरे होतात. म्हणजे एकेक पेडल उभं राहून, अख्खं वजन टाकून दाबायचं. गुडघे हेच सांगतात. तेच पुढे २८ आणि मागे २८ असा गिअर मिळाला तर चाकाला जेवढे फेरे तेवढेच पेडलला, मिनिटाला ५०, आणि बसल्या बसल्या. त्यामुळे दुकानात '२१ गिअर आहेत' हे ऐकून खूश होऊ नका. पुढचं सगळ्यात लहान आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांवर चेन खरंच चढते का ते बघा. भाड्याच्या सायकलींत नेमका हाच गिअर पडत नाही, कारण सपाटीवर तो कुणी वापरत नाही आणि खाऱ्या हवेने केबल आतून गंजून जाम होते.

बॅटरीच्या सायकलचं काय? २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर तिला ना नोंदणी लागते ना लायसन्स, त्यामुळे ती घ्यायला अडचण नाही. रत्नागिरीच्या तुटक चढांना ती फार छान लागू पडते. पण वजन २० किलोच्या वर असतं, आणि बॅटरी भाट्याच्या चढावर संपली की तेच वजन ढकलत न्यायचं. म्हणून निघताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि सपाटीवर मोटर बंद ठेवायची शिस्त हवी. पणजीत मला तिची गरज वाटली नाही. आल्तिनो चढायचं असेल तर सायकल पायथ्याच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत लावा आणि पायऱ्यांनी चढा. मळा भागातल्या मारुतीच्या देवळाकडून लाल कौलं आणि ओरेमची खाडी दिसते, आणि पायी गेल्यानेच ती गल्ली समजते. निळ्या-पिवळ्या भिंतींच्या त्या बोळांतून सायकल दामटवणं तिथल्या राहणाऱ्यांवरही अन्याय आहे. ती माणसांची घरं आहेत. लोक उंबऱ्यात बसलेले असतात.

दोघांनी एकसारखी सायकल घ्यावी का, यावर माझं मत स्पष्ट आहे: कमी दमाच्याला चांगली सायकल. एकच बॅटरीची मिळत असेल तर ती त्याची. आपल्याकडे उलटं होतं, जो सायकलवेडा असतो तोच चांगली उचलतो आणि दुसरा दिवसभर मागे राहून कुढतो. दमदार गड्याने गिअरवाली घेतली की दोघांचा वेग जवळ येतो. नाहीच जमलं तर चढाच्या माथ्यावर थांबायचं ठरवून घ्या, मध्ये वळणावर थांबून हाका मारू नका. रत्नागिरीच्या वळणांवर मागून एसटी येते. मात्र चाकाचा आकार दोघांचा एकच असू द्या. २६ इंची एक आणि साडेसत्तावीस इंची दुसरी घेतली की एका जादा ट्यूबवर भागत नाही. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठलाही पंक्चरवाला हवा भरून देतो.

ब्रेक तपासायला दोन मिनिटं द्या. ब्रेकचा खटका पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. रत्नदुर्गावरून उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर रिम तापते आणि रबर घासून निघतं, त्यामुळे दाबायचं-सोडायचं, पुढचा-मागचा आलटून-पालटून. जांभ्याची लाल माती रिमवर बसली असेल तर आधी फडक्याने पुसा. ती माती रिम आणि रबर दोन्ही खाते. पावसाळ्यात तर रत्नागिरीला सायकलचा बेत करूच नका. जांभ्यावर आणि कडेच्या रस्त्यावर शेवाळ धरतं आणि उतारावर चाक कधी निसटलं कळत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बस.

सायकल मिळवण्याच्या बाबतीत पणजी पुढे आहे. गोव्यात दुचाकी भाड्याने देण्याचा धंदा रुळलेला, त्यामुळे चौकशी केली की कुणीतरी सायकलवाल्याचा नंबर देतो. रत्नागिरीला जाण्याआधी लॉजवाल्याशी फोनवर पक्कं करा, आणि शब्द मिळाला नाही तर सायकली कोल्हापुरातूनच भाड्याने घेऊन गाडीच्या पाठीवर बांधून न्या. पुढचं चाक काढलं की दोन सायकली सहज बसतात. यात फायदाही आहे: आदल्या रविवारी त्याच सायकलवर शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ अशी परीक्षा घेता येते. तिथे जो गिअर पडत नाही तो भाट्याला पडणार नाही.

बघण्यासारखं दोन्हीकडे भरपूर, पण सायकलवाल्याला मिळणारी गोष्ट वेगळी. पणजीत मला सगळ्यात आवडते ती फेरीबोट. बेतीच्या फेरीत सायकल नेता येते. धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, तिथे उतरून, पुढच्या ब्रेकवर बोट ठेवून सायकल हातानेच न्यायची. पलीकडे उतरलं की वेऱ्याच्या बाजूने रेइश मागुशपर्यंत नदीकाठचा रस्ता, आणि किल्ल्यावरून समोर अख्खी पणजी. पुलावरच्या भरधाव गाड्यांमधून जायची वेळच येत नाही. पणजीचा तोटा एकच, पण मोठा: संध्याकाळी बांदोडकर मार्गावर कॅसिनोची गर्दी. सहानंतर तिथे सायकल नको.

रत्नागिरीत बघण्याजोगं बरंचसं शहराच्या पोटातच आहे. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, १९३१चं पतितपावन मंदिर, आणि सड्यावरचा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा १८८६ मध्ये इथे आणला गेला, १९१० साली हा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्या काठावरून तो खाडीकडे बघत बसत असेल, हे चढ चढून घामेजून तिथे पोचल्यावर जास्त खरं वाटतं. आणि दुसऱ्या दिवशीसाठी आरे-वारे. साखरतर, काळबादेवी करत जाणारा रस्ता, दोन किनाऱ्यांच्या मधल्या डोंगराचा चढ, आणि माथ्यावर पोचताच एका नजरेत दोन्हीकडची पुळण. कोल्हापूर सोडून एवढ्या जवळ असा सायकलचा रस्ता मला दुसरा माहीत नाही. मोटारीतून तो एका फोटोत संपतो. गणपतीपुळ्यापर्यंत हे अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, पण जाऊन-येऊन एका दिवसात करायचं तर पहाटे निघा. ज्याला वाघबिळाला धाप लागली त्याने आरेच्या किनाऱ्यावरूनच परतावं.

पैशाचं थोडक्यात. पणजीचा प्रवास लांबचा आणि राहणं महाग. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर जाऊच नका. रत्नागिरी दोन्हीत स्वस्त, आणि सायकली इथूनच नेल्या तर आणखी.

सायकल ताब्यात घेताना ओळखपत्राची झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका. आधीचे ओरखडे मालकासमोरच मोबाइलवर टिपून ठेवा. परत करण्याआधी किनाऱ्यावरची वाळू आणि खारं पाणी लागलेली चेन गोड्या पाण्याने धुऊन द्या, बॅटरीची असेल तर ओल्या फडक्याने पुसून द्या. तुमच्यानंतर ती घेणाऱ्यालाही तो खालचा गिअर पडायला हवा.